नात्याचा रकाना

सुचेता दाबके जपानातल्या फुनाबोरी स्टेशनसमोरच्या भाड्याच्या घरांच्या दुकानात नोकरीला लागली तेव्हा मालक मोरिता-सान यांनी एकच अट घातली होती. फोनवर आवाज चढवायचा नाही. सहा वर्षं होत आली, बाईंनी अट मोडलेली नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्या मराठीत जे काही बोलतात ते मोरिता-साननी ऐकलं आहे, पण त्यांना कळत नाही, हे दोघांचंही नशीब.

काम म्हणाल तर साधं. पुण्या-मुंबईकडचं एखादं कुटुंब घर शोधत यायचं. सुचेता यादी काढून एकेका घरमालकाला फोन लावायची. नोकरी पक्की आहे, हमी देणारी कंपनी आहे, माणसं शांत आहेत, असं सगळं गोड आवाजात सांगून झालं की शेवटी सांगावंच लागायचं, ‘गायकोकुजिन आहेत.’ परदेशी आहेत. की पलीकडून दातांतून हवा ओढल्याचा आवाज यायचा आणि मग ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’ जरा काय, ते कुणी कधी पुरं करायचं नाही.

‘अरे, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा की! नकार द्यायलाही लाजता होय रे!’ सुचेता फोन आदळायची. म्हणजे आदळल्यासारखी ठेवायची.

तिला कारणंही पाठ झाली होती. मसाल्याचा वास भिंतीत बसतो. मुलं धावतात. कचरा चुकीच्या दिवशी टाकतात. आणि सगळ्यात जुनं कारण, ‘दोन हजार अकराच्या मार्चमध्ये तुमची माणसं रातोरात पळाली.’ यावर मात्र तिला बोलता यायचं नाही, कारण ते खरं होतं. भूकंपानंतर घरून आईवडिलांचे रडून रडून फोन आले आणि लोक मिळेल त्या विमानाने निघून गेले. भिजत घातलेली डाळ तशीच, फ्रिज भरलेला तसाच. सुचेता आणि तिचा नवरा नीलकंठ राहिले. शेजारच्या गल्लीतल्या ओकुबो-सान या सत्तरीच्या बाईंच्या तीन मजली इमारतीतली दोन भारतीय घरं अशीच ओस पडली होती. सुचेता आपणहून त्यांच्याबरोबर आत शिरली, नाकाला रुमाल बांधून सगळं कुजकं उपसलं, जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा करून चार दिवस पिशव्या वाहिल्या. तेव्हापासून ओकुबो-सान तिला एकच विचारतात, ‘दाबके-सान, तुमची माणसं आहेत ना? मग झालं.’

करारावर एक रकाना असतो. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, आणि त्या माणसाशी नातं काय. नव्याने आलेल्यांचं जपानात असतं कोण? सुचेता तिथे स्वतःचं नाव घालायची आणि नात्याच्या रकान्यात बिनदिक्कत ‘शिन्सेकी’, म्हणजे नातेवाईक, असं लिहायची. मोरिता-सान ते बघून न बघितल्यासारखं करायचे. अर्ध्या फुनाबोरीची ती अशी कागदोपत्री मावशी झाली होती, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमान होता.

२०१७ च्या फेब्रुवारीत प्रसन्न आणि नेत्रा इंगळे दुकानात आले. प्रसन्न सॉफ्टवेअरवाला, तीस-एकतीसचा. नेत्राला सातवा महिना. कंपनीशी करार बदलत होता म्हणून कंपनीचं घर ३१ मार्चला सोडायचं होतं, आणि नेत्राचं नाव घातलेलं हॉस्पिटल इथून सायकलवर सात मिनिटांवर होतं.

‘ताई, इथेच जवळपास काहीतरी बघा. मोठं नको, झोपायला आणि पाळणा ठेवायला जागा असली म्हणजे बास,’ प्रसन्न म्हणाला.

‘बघू या की. मी आहे ना!’ सुचेताने आपली जाड वही पुढे ओढली. ‘इंगळे म्हणजे... कुठले?’

‘हिंगोलीकडचे.’

‘मूळचे तिकडचेच?’

‘हो.’

‘बरं. आणि घरी नॉनव्हेज वगैरे करता?’

‘करतो की.’

‘नाही, इथे मालकांना वासाचं फार असतं, म्हणून विचारलं हं.’

प्रसन्न हसला. नेत्रा हसली नाही. सुचेताने वहीत दोन ओळी लिहिल्या. वही मराठीत असायची आणि टेबलावर उघडीच पडलेली असायची. मोरिता-सानना ती अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची, त्यामुळे झाकायचं कुणापासून?

आता सांगून टाकायला हवं की ओकुबो-सानच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर जानेवारीपासून रिकामं होतं. हॉस्पिटल तर तिथून अजूनच जवळ. पण खालच्या मजल्यावर जयमाला राहायची, सुचेताची मैत्रीण. ती संक्रांतीला म्हणाली होती, ‘वर कोणी आपल्यातलंच आण बाई. हळदीकुंकवाला हाक मारता आली पाहिजे.’ सुचेताने ‘बघते’ म्हटलं होतं. इंगळ्यांच्या बाबतीत तिने वेगळंच कारण मनाशी धरलं. इमारतीला लिफ्ट नाही आणि पोरगी गरोदर. कारण खरं होतं, त्यामुळे तिला पुन्हा त्याचा विचार करावा लागला नाही.

मग सुरू झाले फोन. पहिल्या आठवड्यात पाच नकार. एका मालकाने होकार दिला, घर दाखवलं, दोघांना समोर बघितलं आणि संध्याकाळी कळवलं की पुतण्या राहायला येतोय. ‘पुतण्या म्हणे! इतके पुतणे असते तर या देशात घरं रिकामी कशाला पडली असती?’ सुचेता करवादली. अकरावा मालक फार मोकळ्या मनाचा निघाला. म्हणाला, ‘अमेरिकन असते तर चाललं असतं.’ आणि क्षणभर थांबून म्हणाला, ‘म्हणजे गोरे अमेरिकन.’

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. रविवारी न्यू जर्सीहून धाकट्या दिराचा, नरेंद्रचा, फोन आला तेव्हा तिने सगळं भडाभडा सांगितलं. नरेंद्रही पेटलेलाच होता. निवडणुकीपासून तिकडचं वारंच बदललं होतं. दुकानात रांगेत उभा असताना एका बाईने त्याला ‘आपल्या देशात जा’ म्हणून सुनावलं होतं.

‘वीस वर्षं कर भरतोय वहिनी! पण इथे मत कोण कुणाला देणार, ते कातडीवरून आधीच ठरतं. कुठलाही फॉर्म घ्या, आधी विचारतात, तू कोण? गोरा, काळा, एशियन, कर खूण!’

‘मेल्यांना माणूस दिसतच नाही,’ सुचेता म्हणाली.

‘नाही ना! बरं, आमच्या तळघरातल्या खोलीत नवीन मुलगा ठेवलाय, सांगायचं राहिलं. सुशील नाव. चांगला आहे, आपल्यातलाच बघितला.’

‘ते बरं केलंत,’ सुचेता म्हणाली, आणि दोघं पुन्हा अमेरिकेला शिव्या घालू लागले.

मार्चच्या चोवीस तारखेपर्यंत चौदा नकार झाले. कंपनीने प्रसन्नला चिबाच्या पलीकडे कुठेतरी महिनाभराची खोली देऊ केली. हॉस्पिटलपासून दीड तास, दोन गाड्या बदलून. त्या दुपारी नेत्रा एकटीच दुकानात आली. नववा लागला होता, स्टेशनपासून चालून तिला धाप लागली होती, पाय सुजून बुटांच्या कडांवर आले होते. सुचेताने तिला आपल्याच खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि नव्या यादीच्या प्रती काढायला आतल्या मशीनकडे गेली. मशीनमध्ये कागद अडकला. तो उपसता उपसता तिने त्या यंत्रालाही दोन शब्द सुनावले.

परत आली तेव्हा नेत्राचा हात वहीवर होता.

 ही वही वाचू शकणारं माणूस तिने स्वतःच आपल्या खुर्चीवर बसवलं होतं.

‘‘इंगळे?? हिंगोली. नॉनव्हेज. नक्की कळत नाही. जयमालाच्या वर नको,’’ नेत्राने वाचून दाखवलं. आवाज अगदी साधा, किराण्याची यादी वाचावी तसा. ‘काय कळत नाही, ताई?’

‘अगं, ते... ते माझं आपलं टिपण असतं.’

‘वरच्या पानावर गोखल्यांपुढे ‘आपले’ लिहिलंय. त्याच्या खाली कोण ते साळुंखे, त्यांच्यापुढे ‘ठीक’. जयमालाच्या वर म्हणजे कुठे?’

‘तिसरा मजला आहे गं, लिफ्ट नाही. तुझ्या या अवस्थेत...’

‘लिफ्टचं इथे काही लिहिलेलं नाही.’

सुचेताने यादीच्या प्रती टेबलावर ठेवल्या. आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य आपोआप बाहेर पडलं, जे ती महिनाभर खरं म्हणून सांगत आली होती. ‘मालकीणबाई जरा... परदेशी म्हटलं की, तुला माहीतच आहे यांचं.’

‘मग लावा फोन. माझ्यासमोर. स्पीकरवर.’

‘नेत्रा, अगं मी तुमच्यासाठी चौदा फोन केलेत! चौदा! रात्री झोप नाही मला!’ सहा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर तिचा आवाज चढला. मोरिता-साननी पलीकडच्या टेबलावरून मान वर केली आणि परत खाली घातली.

‘माहीत आहे. हा एक आधी करायचा होता,’ नेत्रा म्हणाली. ‘लावा.’

सुचेताने नंबर फिरवला. मनातल्या मनात ती चक्क प्रार्थना करत होती की आज, फक्त आज, ओकुबो-साननी नाही म्हणावं. दातांतून हवा ओढावी, ‘चोत्तो’ म्हणावं. लाज वाटली तिला, पण प्रार्थना थांबेना.

‘आमची... माझ्याकडे एक कुटुंब आहे,’ ती म्हणाली. ‘भारतीयच. बाळ होणार आहे. तिसऱ्या मजल्यासाठी.’

‘आरा!’ पलीकडून ओकुबो-सानचा आवाज खुलला. ‘बाळ! किती छान. दाबके-सान, मी जानेवारीपासून वाट बघतेय, तुम्ही कुणाला आणलंच नाहीत. मला वाटलं, माझं काही चुकलं का. तुमची माणसं आहेत ना? मग झालं.’

नेत्राचं जपानी सुचेताला वाटलं होतं त्याहून बरंच चांगलं होतं. तिला अनुवादाची गरज पडली नाही. ओकुबो-साननी जिन्याची काळजी केली तेव्हा तिनेच पुढे वाकून जपानीत उत्तर दिलं, ‘चढेन मी, हळूहळू.’

फोन बंद झाला. सुचेता उभीच होती. तिला खूप काही सांगायचं होतं. मी तशी नाही गं. माझ्या मनात तसं काही नसतं. जयमाला म्हणाली म्हणून. आमच्या घरी कधी कुणाला वेगळं वागवलं नाही. यातलं एकेक वाक्य ती मनात उचलून बघत होती आणि प्रत्येक वाक्य तिला अकराव्या मालकाच्या आवाजात ऐकू येत होतं.

‘चुकलं माझं,’ शेवटी तिने एवढंच म्हटलं.

 नेत्रा रडली नाही, रागावलीही नाही; तसं झालं असतं तर सुचेताला बरं वाटलं असतं. ‘करार आजच करता येईल का?’ तिने विचारलं. ‘आम्हाला सात दिवस उरलेत.’

मोरिता-साननी छापील करार काढून दिला. नेत्राने सावकाश सगळं भरलं. नाव, जन्मतारीख, नवऱ्याची कंपनी. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, या जागी ती थांबली. तिचं तरी जपानात होतं कोण? तिने कागद सुचेताकडे सरकवला. सुचेताने आपलं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला आणि सवयीने तिचं पेन नात्याच्या रकान्यात गेलं.

‘तिथे नातेवाईक लिहू नका,’ नेत्रा म्हणाली. ‘चिजिन लिहा.’

चिजिन. म्हणजे ओळखीच्या.

सुचेताने ते लिहिलं. नेत्राने सही केली, पाठीला हात लावून उठली, मोरिता-सानना वाकून नमस्कार केला, सुचेताला नुसतं ‘येते’ म्हणाली आणि सुजलेल्या पायांनी स्टेशनकडे निघाली.

मोरिता-सान कागद तपासायला बसले. चूक राहू नये म्हणून ते प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून वाचतात. त्यांचं बोट एका जागी अडलं.

‘दाबके-सान, यावेळी नातेवाईक नाही?’

‘नाही,’ सुचेता म्हणाली. ‘त्यांनी नको म्हटलं.’