मिरजगावचा फौजी

आमच्या सोसायटीच्या फाटकावर आदिनाथ पहिल्यांदा दिसला तेव्हा मला त्याचा रागच आला होता. माझी स्कूटर आली की हा खुर्चीवरून ताडकन उठायचा, टाचा जुळवायचा आणि खाडकन सलाम ठोकायचा. नगरच्या सावेडीतल्या एका साध्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पायाशी भाजीची पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईला असला सलाम कशाला? एकदा थांबून मी त्याला सांगितलं की बाबा रे, मी काही जनरल नाही. तो म्हणाला, सवय मोडू नये म्हणून करतो. कसली सवय ते मी विचारलं नाही, कारण दूध उतू जायची वेळ झाली होती.

पुढे पाहिलं तर ड्यूटी संपल्यावर गडी घरी जाऊन झोपायचं सोडून मागच्या मोकळ्या रस्त्यावर पळायचा. वॉचमनचा गणवेश घडी घालून खुर्चीवर ठेवलेला, आणि हा घामाघूम. मला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड आहे. मी विचारत गेले आणि तो तुकड्यातुकड्यानं सांगत गेला.

आदिनाथ मिरजगावचा. वडील भिमाजी, थोडी लिंबाची बाग, बाकी ज्वारी. त्या भागातली पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून पहाटे हायवेच्या कडेनं पळतात, तसा हाही पळायचा. सैन्यभरतीत तो पहिल्या घोळक्यात पळून आला, छाती भरली, मेडिकलही झालं. राहिला होता फक्त लेखी पेपर. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मित्रांनी लगेच मिरजगावच्या स्टँडवर फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला आदिनाथ, मागे तिरंगा, आणि खाली भारतीय सैन्य दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. गावानं फेटा बांधला, त्याच्या आईनं, बनुबाईंनी, आळीभर पेढे वाटले.

मग कोरोना आला. पेपर पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि शेवटी भरतीची पद्धतच बदलली. जुन्यांनी पुन्हा पहिल्यापासून यावं असं ठरलं तोवर याचं वय उलटून गेलं होतं. नापास झालो असतो तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. नापास माणसाला रडून मोकळं होता येतं. याची परीक्षा झालीच नाही, त्यामुळे याचं काही संपलंच नाही.

फ्लेक्स मात्र राहिला. उन्हानं गॉगल पांढरा पडला, तिरंग्याचे रंग उडाले, तरी कोणी काढेना. गाव त्याला ‘फौजी’ म्हणू लागलं. सुरुवातीला ‘काय फौजी, कधी निघायचं?’ असं कौतुकानं, मग थोडं चिडवत, आणि शेवटी चिडवणंही संपून ते त्याचं नावच झालं. हे त्याला सोसेना. नगरला येऊन त्यानं वॉचमनची नोकरी धरली, ती का, तर गणवेश मिळतो म्हणून. घरी जायचा तो शेवटच्या गाडीनं, म्हणजे मिरजगावच्या स्टँडवर अंधारात उतरता यावं, आणि निघायचा उजाडायच्या आत. पुढे ओळख झाल्यावर बनुबाई मला फोनवर म्हणायच्या, पोराचं तोंड मी बल्बच्या उजेडातच बघते.

आता माझ्याबद्दल थोडं. मी सुमेधा. बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि फळ्यावर डोंगर काढून काढून कंटाळले. मग काही मित्रमंडळींबरोबर डोंगरगणच्या बाजूला, माळावर एक केंद्र काढलं. शाळांची मुलं तिथे येऊन राहतात. कातळावर चढणं, तंबू ठोकणं, नकाशा घेऊन माळ पालथा घालणं, आणि मुख्य म्हणजे आईबापांशिवाय झोपणं, असं सगळं शिकतात. शिकवणारे आधी एक वर्ष शिकाऊ म्हणून काम करतात. त्यांना पगार नाही. राहायला जागा, छबूबाईंच्या हातची भाकरी-आमटी आणि माझी बोलणी, एवढंच मिळतं. वर्ष नीट गेलं तर आमची निळी टोपी मिळते आणि मग पगार. तोवर शिकाऊ माणूस उघड्या डोक्यानं हिंडतो. ऊन लागलं तर रुमाल बांधावा. आदिनाथ तोही बांधायचा नाही, कारण मग बारीक कापलेले केस झाकले गेले असते.

मी आदिनाथला येतोस का विचारलं आणि तो आला. पहिल्या महिन्यात माझ्या डोक्याचा भुगा केला त्यानं. भरतीच्या मैदानावर जो मागे राहील त्याला पुन्हा पळवतात. यानं पाचवीतल्या एका गुबगुबीत पोराला तसंच पळवलं. मी त्याची चांगलीच हजेरी घेतली. आमच्याकडे उलट असतं. सगळ्यात हळू चालणारं मूल रांगेत सगळ्यात पुढे, आणि बाकीचे त्याच्या चालीनं. दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. पण नंतर हे त्याला असं काही पटलं की घोळक्यातलं दमणारं पोर तो चढण लागायच्या आधीच ओळखायचा आणि नकळत पुढे आणून ठेवायचा.

आमचा खरा नियम दुसराच आहे. मुलांशी खोटं बोलायचं नाही. चढ बाकी असताना ‘आलंच हं’ म्हणायचं नाही. पाणी संपलं असेल तर संपलं म्हणायचं. जे पोर कातळावर लटकलेलं असतं त्याच्याकडे खाली दोर धरणाऱ्याच्या शब्दाशिवाय दुसरं काही नसतं. आदिनाथनं हा नियम अगदी काटेकोर पाळला, एक गोष्ट सोडून.

झालं असं की कर्जतकडच्या एका शाळेची मुलं आली, आणि त्यांच्या सरांनी याला पाहून हाक मारली, अरे फौजी, तू इकडं कुठं? मुलांना तेवढं पुरलं. तिथून पुढे प्रत्येक शाळेला कुठून तरी कळायचंच की इथले आदिनाथदादा फौजी आहेत. पोरं सलाम ठोकायची आणि हा तितक्याच कडक हातानं परत करायचा. त्या वेळी त्याचा चेहरा असा काही व्हायचा की मला बघवायचं नाही. परक्या गोष्टीचं एवढं सुख कोणी मानू नये.

आणि त्यात ते लष्कराच्या के. के. रेंजवरचे आवाज. नगरकरांना त्याचं काही नाही. रणगाड्यांचा सराव सुरू झाला की आम्ही फक्त खिडकीची काच हातानं धरतो. पण केंद्रावर दुपारी तो दणका घुमला की आदिनाथचा हात जिथल्या तिथे थांबायचा. दोर अर्धा गुंडाळलेला, मान त्या बाजूला. सासुरवाशिणीनं माहेरच्या माणसाचा आवाज ओळखावा तसा उभा राहायचा. त्याला विसरता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विसरायचंही नव्हतं.

एकदा मी बोललेच. म्हटलं, मुलांना खरं काय ते सांग. तो म्हणाला, मी कुठं म्हणतोय, तीच म्हणतात. मी म्हटलं, गप्प बसून बोललेलं खोटंसुद्धा खोटंच असतं. आणि टोपी हवी असेल तर वर्ष संपायच्या आत हे तुझ्या तोंडानं झालं पाहिजे, मी सांगणार नाही. त्यानं मान डोलावली. पण शाळांमागून शाळा येऊन गेल्या आणि त्याच्या तोंडून काही ते निघेना. मोसमातली शेवटची शाळा यायची वेळ आली, तरी निळी टोपी माझ्या कपाटातच होती.

ती शाळा नगरच्या लष्करी वस्तीच्या बाजूची. तिच्यात सहावीतली देवश्री होती. वडील सैन्यात, कुठेतरी लांब थंडीत. दिवाळीलाही आले नव्हते. पोरगी मिठाची गुळणी धरल्यासारखी होती, पण आदिनाथचे केस आणि चाल पाहिल्यावर तिला वाचा फुटली. तंबू ठोकताना ती त्याच्याजवळ, जेवताना त्याच्या समोर. तुमचं युनिट कोणतं, असं तिनं त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. त्यानं पाणी आणायचं निमित्त काढून तिथून पळ काढला. मी छबूबाईंना म्हटलं, आता हे निस्तरणार कसं?

दुसऱ्या दिवशी कातळाशी मुलांची रांग लागली होती. आदिनाथ दोर धरून खाली, मी बाजूला हेल्मेटचे बंद तपासत. एक मुलगा चढून उतरला, आणि खूश होऊन त्यानं सलाम ठोकला. आदिनाथनं सवयीनं परत केला. पुढचा नंबर देवश्रीचा. ती त्याच्याकडे बघतच राहिली आणि हळूच म्हणाली,

“टोपी नसताना सॅल्यूट करत नाहीत.”

कोणालाच कळेना. ती पुढे म्हणाली, “डोक्यावर टोपी नसेल तर नुसतं सावधान उभं राहतात. बाबा तसंच करतात. सगळेच तसंच करतात.”

आदिनाथनं सैन्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं, रेजिमेंटांची नावं त्याला तोंडपाठ होती. पण ही गोष्ट आत गेलेल्यालाच कळते, किंवा त्याच्या घरातल्यांना. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. देवश्रीनं दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा सोडायला सुरुवात केली आणि म्हणाली, मला नाही चढायचं. ती रागावली नव्हती. तिला या माणसाकडून आपल्या बापाचं काहीतरी हवं होतं, आणि ते इथे नव्हतं. मला दोघांचीही इतकी दया आली की मी तोंड उघडणार होते. पण मी सांगणार नाही, असा शब्द मीच देऊन बसले होते.

आदिनाथनं दोर खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

“न्हाई, मी फौजी न्हाई,” तो म्हणाला. “व्हायचं हुतं. पळालो, मेडिकल बी झालं. पेपर झालाच न्हाई अन् वय गेलं. गाव म्हनायचं फौजी, तुमी बी म्हनाया लागला. मला लई ग्वाड वाटायचं, म्हनून गप ऱ्हायलो. चुकलं माजं.”

“मग केस अजून असे का कापता?” देवश्रीनं विचारलं.

त्यानं केसांवरून हात फिरवला. “सुटंना ते,” म्हणाला.

एखाद्या मोठ्या माणसानं यावर काहीतरी समजुतीचं बोलून ठेवलं असतं. तिनं नुसता पट्ट्याशी चाळा केला, वर कातळाकडे पाहिलं, आणि विचारलं की दोर तरी खरंच धरता येतो ना? तो येतो, असं त्यानं सांगितलं. तिनं पट्टा पुन्हा आवळला. ती चढत असताना आदिनाथनं एकदाही तिच्यावरून नजर काढली नाही. मध्येच के. के. रेंजकडून दणका झाला. मी त्याच्याकडे पाहत होते. त्याची मान वळली नाही; पण डोळे भरून आले, आणि दोरावरचे हात मोकळे नसल्यामुळे ते तसेच वाहिले. वर्षभरात त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेची बस लागली. मी कपाटातून टोपी आणली आणि सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यावर ठेवली. भाषणं मला आवडत नाहीत. मी एवढंच म्हटलं की आजपासून आदिनाथदादा इथे शिकाऊ नाहीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सलाम कोणी ठोकला नाही. तेव्हा त्याची नजर क्षणभर पोरांच्या हातांवरून फिरली, ते मला दिसलं. सवयीचा सण चुकल्यासारखं झालं असेल त्याला.

मुलं बसमध्ये चढली. देवश्री शेवटी राहिली. तिनं सॅक खाली ठेवली, त्याच्यासमोर आली, टाचा जुळवल्या, मुठी मांडीला लावल्या आणि उघड्या डोक्यानं सावधान उभी राहिली.

आदिनाथचा उजवा हात आपोआप उठला. डोक्यावर टोपी होती, तेव्हा आता हरकत नव्हती. पण हात कपाळापर्यंत गेला आणि त्यानं टोपी काढली. ती डाव्या हातात घेतली, आणि तोही उघड्या डोक्यानं तिच्यासमोर सावधान उभा राहिला. तो सलाम आपला नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलं. बस पिंपळगाव माळवीच्या रस्त्याला लागून धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच होता. मी मध्ये बोलले नाही, आणि हे माझ्याकडून क्वचितच होतं.

मग तो दोर गोळा करायला गेला. मोसम संपला होता, सगळं सामान खोलीत लावायचं होतं. मी विचारलं की आता थोडे दिवस सुट्टी, घरी जाणार ना? तो हो म्हणाला. मी सवयीनं म्हटलं, मग आवर लवकर, नाहीतर शेवटची गाडी चुकेल.

त्यानं टोपीवरची धूळ झटकली, ती डोक्यावर नीट बसवली.

“आज न्हाई, ताई,” तो म्हणाला. “उद्या दुपारच्या गाडीनं जातो.”