गटात एकटीच बोलणारी सविता

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

मी बीडमधून बालवाडीच्या शिक्षिकांचा ऑनलाइन कोर्स घेते. आज गटचर्चा होती. नांदूरघाटची सविता एकटीच बोलत होती. बाकीच्या चौघींचे कॅमेरे आणि माइक बंद. मी नावं घेऊन हाका मारल्या, तरी कुणी बोललं नाही.

शेवटी सविता म्हणाली, "मॅडम, भिताडाशी बोलल्यावानी वाटायलंय. घरचे हसायलेत. मी उद्यापासून येत न्हाई."

"गट बदलून देते," मी म्हणाले.

"मागं बी दिलता की," म्हणत तिनं कॉल बंद केला.

मग बाकीच्यांतल्या एकीचा मेसेज आला, "मॅडम, हजेरी लागली का?"

तुमच्यापैकी कुणाला असा गट बोलता करता आलाय का? माझी तर आशा संपलीय.