भाईंनी भरलेली गाडी

निळा ड्रम मी काढला होता. भाई विसरले नव्हते. एवढंसं वाक्य, पण तोंडातून बाहेर पडायला त्याला अख्खा उन्हाळा लागला, म्हणून इथे तरी ते सगळ्यांत आधी लिहून ठेवतो. आता भाईंबद्दल. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भाईंसारखा गाडी भरणारा माणूस अमिरातीत दुसरा नाही, आणि रत्नागिरीपासून मस्कतपर्यंत शोधलात तरी सापडेल असं मला वाटत नाही. बाकीचे लोक गाडीत सामान ठेवतात. भाई सामान बसवतात, सोनार खडा बसवतो तसं. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत त्यांचं सगळं आयुष्य कंटेनर भरून घेण्यात गेलं आणि घरी आल्यावरही ते काम संपत नाही. भाभींचं कपाट, फ्रीज, मशिदीत न्यायचा इफ्तारचा डबा, सगळं त्यांच्याच हाताने भरलं जातं. ‘रिकामी जागा म्हणजे हलणारा माल, आणि हलणारा माल म्हणजे फुटणारा माल,’ हे त्यांचं तत्त्व. म्हणून कॅम्पिंगला जाताना त्यांच्या बुटांत कांदे असतात, कुकरमध्ये टॉर्च असतो आणि अंडी मोज्यांत घालून उशीच्या खोळीत ठेवलेली असतात. एकदा माझ्या बायकोला आमलेटला लोकरीचा वास आला. भाई म्हणाले, ‘वहिनी, फुटलं का एक तरी? मग वास सोसा.’

उन्हाळ्यात इकडे ज्याला जमतं तो भारतात पळतो आणि उरलेले एसीत दारं लावून बसतात. आमच्या अल नहदातल्या टॉवरमध्ये जुलैत माणूस दिसतो तो फक्त लिफ्टमध्ये. भाईंना मात्र जून लागला की उत्तरेचे डोंगर दिसायला लागतात. रास अल खैमाच्या वर उंचावर पारा बराच उतरतो, हे खरं आहे. पण तिथवर पोचायला तापलेल्या तव्यावरून जावं लागतं, हेही खरं आहे. ‘एसीत बसून राहिलेला माणूस म्हणजे फ्रिजमधली भेंडी,’ असं म्हणून ते दर उन्हाळ्यात दोन्ही घरांना आपल्या जुन्या पांढऱ्या फोर-बाय-फोरमध्ये कोंबत. माणसंही मालासारखीच बसत. ‘पुणेकर, तू डावीकडे. तुझी पोर, माझी पोर, दोन्ही तुझ्या बाजूला. वहिनी एकट्या उजवीकडे. लोड बॅलन्स झाला पाहिजे.’ मी सोलापूरचा आहे, पण त्यांच्या लेखी घाटावरचे सगळे पुणेकर. एकटीला अख्खी उजवी बाजू का दिली, याचा हिशोब बायकोने गाडीत बसता बसता केला आणि ती डोंगर लागेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी काहीच केलेलं नव्हतं.

रस्ता दाखवणाऱ्या फोनशी त्यांचं हाडवैर. फोनमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणाली की हे तिला विचारत, ‘बाई, तू स्वतः कधी गेलीस का तिथे?’ आणि डावीकडे वळत. मग गाडी थांबवून पंक्चरवाल्या पठाणाला, बकऱ्या हाकणाऱ्या बंगाल्याला, जो दिसेल त्याला रस्ता विचारत. रस्ता त्यांना माहीत असायचा. विचारायचं ते माणसाशी बोलायला मिळावं म्हणून. आपल्यापेक्षा चार ग्लास चहा जास्त करायचा, हाही त्यांचा नियम. डोंगरावर चटई अंथरली, सुके बोंबील तव्यावर टाकले की त्या ग्लासांचे मालक वासाबरोबर आपोआप येत. एका संध्याकाळी एक स्थानिक म्हातारबुवा आले, आमच्या धुराबद्दल तक्रार करायला. भाईंनी त्यांच्या हातात घावण आणि बोंबील दिला आणि ‘कुल, हबीबी, कुल’ असा खायचा आग्रह चालवला. जाताना ते उरलेले बोंबील बांधून घेऊन गेले. आमची पोर म्हणाली, ‘पापा, ही जस्ट स्टोल अवर डिनर.’ भाई म्हणाले, ‘बेटा, पाहुणा आहे तो.’ डोंगर त्या म्हाताऱ्यांचा होता आणि पाहुणे आम्ही होतो, हे कुणी बोललं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. गाडी भरून झाली की भाई तिच्याभोवती एक फेरी मारत, मागच्या दारावर तळहाताने जोरात थाप देत आणि म्हणत, ‘खलास.’ त्या थापेनंतर दाराला कुणी हात लावायचा नाही. स्वतः भाईसुद्धा लावत नसत. एकदा त्यांचं पाकीट आत राहिलं, तर ते डोंगरापर्यंत तसंच गेलं.

गेल्या उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये त्यांनी अशी थाप दिली आणि पहाटेची फजरची नमाज पढायला वर गेले. तेवढ्यात मी आमचा नवा आइसबॉक्स घेऊन खाली आलो. बायकोने मोठ्या हौसेने घेतलेला, आणि मी तो खाली आणायला उशीर केलेला. मी दार उघडलं. आत सुई जाईल एवढीही जागा नव्हती. कडेला पाण्याचा निळा ड्रम होता. आमच्याकडे पाण्याच्या बाटल्या होत्या, रस्त्यात पेट्रोलपंप होते. मला तो ड्रम म्हणजे भाईंची एक लहर वाटला. मी तो काढून खांबाआड ठेवला आणि त्या जागी आइसबॉक्स सरकवला. भाई आले की सांगू म्हटलं. ते आले आणि ‘यल्ला, यल्ला’ करत त्यांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. सांगायचं राहिलं.

वर चढणाऱ्या खडीच्या वाटेवर गाडी तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली. भाई शांतपणे उतरले, इंजिन निवेपर्यंत थांबले आणि पाणी घ्यायला मागे गेले. त्यांनी दार उघडलं. मग आइसबॉक्सवर हात ठेवून म्हणाले, ‘पुणेकर, इथे ड्रम होता ना रे?’

त्या वेळी खरं सांगायला काहीही लागलं नसतं. पण बायको, पोरी, भाभी, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, ऊन डोक्यावर होतं, आणि मी म्हणालो, ‘मी आलो तेव्हा जागा रिकामीच होती, भाई. म्हणून तर डबा ठेवला.’

मी थाप मोडली, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ‘रिकामी?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. प्यायच्या बाटल्या गाडीला पाजल्या, पोरींनी आइसबॉक्समधला बर्फ चोखला, आणि शेवटी एका पिकअपवाल्याने पाणी दिलं म्हणून आम्हाला परत फिरता आलं. डोंगर त्या वर्षी झालाच नाही. बेसमेंटमध्ये उतरल्यावर भाईंना खांबाआडचा ड्रम दिसला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि भाभींना म्हणाले, ‘बघ. इथेच ठेवून गेलो मी. अब्बांचं असंच सुरू झालं होतं.’

त्यांच्या अब्बांबद्दल आम्हाला माहीत होतं. शेवटी शेवटी ते गावात स्वतःच्याच घराचं दार वाजवून ‘हे घर कुणाचं?’ म्हणून विचारत.

त्यानंतरचे भाई मला बघवत नसत. लिफ्टमधून खाली जाऊन गॅस बघायला पुन्हा वर येत. कामावर आपण भरलेला कंटेनर दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागले. भाभींनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं, ‘काल विचारत होते, मी जेवलो का गं? जेवण समोर होतं. मस्करी करताहेत म्हणून हसले, तर मस्करी नव्हती.’ बायकोने हे घरी येऊन सांगितलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला. मला रोज वाटे, उद्या सांगू. आणि रोज ते सांगणं कालच्यापेक्षा जड होई. मग एका संध्याकाळी बेसमेंटमध्ये भाई गाडी रिकामी करताना दिसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना सामान काढताना बघत होतो. एक एक कांदा निघत होता.

‘विकली, पुणेकर,’ ते म्हणाले. ‘एक पठाण उद्या घेऊन जाईल. जबान दिली आहे. विसरणाऱ्या माणसाने लेकीबाळींना डोंगरात न्यायचं नाही.’

मी म्हणालो, ‘भाई, ड्रम मी काढला होता.’

ते कांदा हातात धरूनच वळले. ‘म्हणजे जागा रिकामी नव्हती?’

‘नव्हती.’

‘ड्रम मी भरला होता?’

‘हो. कडेला. घट्ट बसला होता, मला ओढून काढावा लागला.’

मला वाटलं, ते मला मारतील. मी थोडा तयारही होतो. पण भाई कांदा टाकून लिफ्टकडे पळाले, आणि मी मागोमाग वर पोचलो तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या कॉरिडॉरमध्ये घुमत होता. ‘अगं ऐक! डोकं शाबूत आहे माझं! काही झालं नाही मला! समोरचा पुणेकर खोटारडा निघाला, बस!’

भाभी दारात आल्या. आमचंही दार उघडलं. बायको बाहेर आली, तिच्यामागे पोर. ‘पापा, यू लाइड?’ पोर म्हणाली. भाभी रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना. भाईंनी डोळे पुसले, धाप टाकली, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. गाडीचं त्यांना तेव्हा आठवलं असावं. दिलेली जबान परत घेणारे ते नव्हेत. पठाण यायचा होता.

‘तिथे सगळ्यांसमोर बोललास ना,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मग इथेही सगळ्यांसमोर बोल.’

मी दोन दारांच्या मधोमध उभा होतो. मी म्हणालो, ‘भाईंनी गाडी बरोबर भरली होती. त्यांची थाप मी मोडली आणि त्यांना विसराळू ठरवलं. भाई, माझं चुकलं. मला माफ करा.’