नळीला लागणारा गारठा

मिलुंकामावशीचा विश्वास दोघांवर: संत निकोला आणि वाऱ्याचा झोत. पहिला घर राखतो, दुसरा माणूस मारतो. आमच्या गावात कुणी दगडी पायरीवर नुसतं टेकलं, तरी ती खेकसायची, "ऊठ मेल्या, मूत्राशय गारठेल!"

तिचा नवरा बोगोसाव कंबरेचं हाड मोडून शुश्रूषेसाठी वृद्धाश्रमात दाखल झाला आणि त्याला लघवीची नळी लागली, तेव्हा तिच्या या ज्ञानाला बहरच आला. संत निकोलाचा सण तोंडावर आलेला. सणाला जेवण माशांचं, आणि सणाचा पाव मात्र घरधन्यानेच कापायचा, आणि नळी निघाल्याशिवाय डॉक्टर त्याला घरी सोडेनात.

त्यातच ताप भरला. लघवी गढूळ. नर्स विदोसावाने पांघरूण उचललं, तर लघवीची पिशवी लोकरी टोपड्यात गुंडाळून म्हाताऱ्याच्या पोटावर निजलेली!

"मावशी, हे काय?"

"फरशी बर्फ आहे गं. पिशवी खाली लोंबली की गारठा नळीतून वर चढतो."

"गारठा नाही चढत! पिशवी वर ठेवली की त्यातली घाण उलटी आत जाते. ती नेहमी मूत्राशयाच्या खाली टांगायची, फक्त फरशीला टेकवायची नाही."

"म्हणजे मीच आजारी पाडलं याला?" मावशी मटकन खाली बसली, तीही त्याच बर्फासारख्या फरशीवर.

"तसं छातीठोक कोण सांगणार? नळी म्हटली की तापाची भीती आलीच. उठा, हात धुवा आणि यांना पाणी पाजा."

"जन्मभर हिने खिडक्या बंद केल्या," बोगोसाव पडल्यापडल्या पुटपुटला, "आता मलाच बंद करायला निघाली होती."

औषधाने ताप उतरला. लघवी स्वच्छ झाली, तशी डॉक्टरांनी नळी काढली. आता त्याला आपणहून झाली तर घर, नाही तर पुन्हा नळी. विदोसावाच्या आधाराने तो शौचालयात गेला. मावशी दाराला कान लावून.

"झाली का?"

"तू पहारा देतेयस, ती बिचारी येईल कशी बाहेर?"

मावशी चार पावलं मागे सरली आणि छातीवर क्रॉसची खूण करत राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग आतून धार लागली, ती संपेचना.

"ऐकलंस?" आतून आवाज आला.

"मेल्या, अख्ख्या मजल्याने ऐकलं!" मावशी हसता हसता डोळे पुसत होती. मग तिने शेजारणीला फोन लावला, "अगं, मासे जास्त आण. पाव कापणारा येतोय."