भिंतीवरचं 'आम्ही'

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटर संविधानाची उद्देशिका रंगवत होता. पहिलाच शब्द 'आम्ही'. तो त्यानं हौसेनं एवढा मोठा काढला, की पुढच्या ओळींना जागाच पुरेना.

"बाई, पुसून लहान करतो," रॉकेलचा बोळा उचलत तो सरपंचबाईंना म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढे मसुदा लिहायला बसलेली ती माणसं आली; शब्दाशब्दावर वाद घालणारी, खोडून पुन्हा लिहिणारी. एवढा अफाट देश एका शब्दात मावेल कसा, असं त्यांनाही कुणी विचारलं असेलच. तरी तो शब्द त्यांनी पहिलाच ठेवला.

"त्याला हात लावायचा नाही," सरपंचबाई म्हणाल्या. "जागा कमी पडली तर भिंत वाढवू."

दुपारी विटा आल्यासुद्धा.