इंदूच्या नावाची पत्रं

फौजीने युद्धाबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही. त्या वर्षी सीमेवर सैन्य समोरासमोर उभं होतं, बातम्यांत रोज तोफा दिसायच्या, आणि हा तंबूत बसून विचारायचा, ‘शेळीचा पाय बरा झाला का? विहिरीला किती परस पाणी आहे?’

पत्र असायचं इंदूला, यायचं माझ्या पत्त्यावर. इंदू त्याची ठरलेली बायको, दसऱ्याला सुपारी फुटलेली. आईबापामागे ऊसतोडीला जाऊन तिची शाळा दरवर्षी अर्ध्यात सुटायची, त्यामुळे लिहिता येत नव्हतं. मी पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या गावात अंगणवाडी चालवायचे आणि गावाची पत्रंही लिहायचे. पाडव्याला ऊसतोडीची टोळी कोपरगावकडून परत आली, तेव्हा कुठे इंदूने साठलेली पत्रं एका बैठकीत ऐकली.

एकदा त्याने लिहिलं, ‘पायाचं माप पाठव. कॅन्टीनला चपला चांगल्या मिळतात.’ इंदूने आंतर्देशीय पत्रावर पाऊल ठेवलं, मी पेन्सिल फिरवली. मजकुराला चार ओळी उरल्या.

“बाई, लिव्हा की, लवकर या.”

“लवकर म्हणजे कधी? तारीख विचार.”

“तारीख इचारत्यात व्हय? लवकर म्हंजी लवकर.”

लग्न वैशाखात ठरलं होतं. त्याचं पत्र आलं, ‘रजा बंद आहेत. मामांना थांबायला सांग.’

मामा म्हणजे इंदूचा बाप. मी पत्र वाचून दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. “थांबतो की. पर दसऱ्याला टोळी निघंल. तरनी पोर उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत किती दिस सांभाळू? अन् हितं ठिवू तर कुनापाशी?” ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर त्याने इंदूला दुसरीकडे देऊन टाकलं. जाताना ती म्हणाली, “बाई, त्यांला आधी कळवायला पाहिजे हुतं.”

कळवायचंच म्हणून मी बसले, तर फौजीची आई दारात. “त्यो तिकडं बंदूक घिऊन उभा हाय. ध्यान हाललं तर? न्हाई बाई, तू आपली इंदूच्या नावानं लिहीत ऱ्हा.” आमच्याकडे ही रीतच. बाप गेल्याचं त्याचं दहावं उरकल्यावर कळलं, असे फौजी मला माहीत आहेत. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी लिहीत राहिले. श्रावणात त्याने बांगडीचं माप मागितलं, तेही माझ्या मनगटाचं कळवलं.

दिवाळीनंतर तो आला. घरी कळलं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला. पोरांची खिचडी वाटून होईपर्यंत थांबला. मग पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

“बाई, ह्यातली तिची कंची?”

“अरे, तुझी आई म्हणाली—”

“आईचं ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर राग न्हाई माझा. तिची तेवढी द्या.”

तारखा बघून मी चार बाजूला काढली. सतरा उरली. त्याने चार खिशात घातली आणि उरलेल्यांकडे बघत म्हणाला, “ही बी लई चांगली लिव्हली हुती.”

रजा संपायच्या आधीच तो युनिटला गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर गावात न येता एका साखर कारखान्याच्या गेटवर राखणीला राहिला. मला त्याचं पत्र पुन्हा आलं नाही. गेल्या वर्षी तो तिथेच वारला.

आता तो नाही, म्हणून लिहिते. त्या चार पत्रांतही इंदूचं थोडंच होतं. ती एखादं वाक्य सांगायची आणि लाजून पदर तोंडाला लावायची. कोरा कागद कशाला वाया घालवायचा, म्हणून बाकीचं मीच भरायचे. त्या दिवशी तो दाराशी उभा असताना हे सांगायला मला जमलं नाही.