पुरुषोत्तमरावांचा वन्स मोअर

मिरजेच्या नाट्यगृहाच्या दारावर पुरुषोत्तमरावांनी उभं आयुष्य काढलं, आणि तेही उभ्यानंच. तिकिटाचा तुकडा फाडायचा, बॅटरीचा उजेड पायाशी टाकत माणसांना खुर्चीपर्यंत पोचवायचं, आणि तिसरी घंटा झाली की दार लोटून काळ्या पडद्याशी उभं राहायचं. कंपन्या आल्या, गेल्या. नायिका आईच्या भूमिकेत गेल्या, नायकांचे टोप मोठे होत गेले. डोअरकीपर मात्र तोच.

संगीत नाटक असलं की त्यांच्या अंगातच यायचं. पद रंगलं, शेवटची तान समेवर उतरली, की पहिली आरोळी दारातून: "वन्स मोऽऽअर!" मग सगळं थिएटर उठायचं. विंगेकडे निघालेली नायिका हसत मागे फिरायची, ऑर्गनवाल्याची बोटं आधीच धृपदावर पोचलेली असायची, आणि तेच पद पुन्हा, आधीपेक्षा खुलून!

मॅनेजर खेकसायचा, "पुरुषोत्तम, तू नोकर आहेस का प्रेक्षक?"

"पगारापुरता नोकर, साहेब."

असा हा गडी उतारवयात ऑकलंडला, माउंट रॉस्किलमध्ये मुलाकडे येऊन राहिला. मुलगा अभिषेक फार्मसिस्ट, सून सुरुची हॉस्पिटलात नर्स, आणि नात कल्याणी अकरा वर्षांची, तिथंच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं अर्धं इंग्रजीत. आजोबा-नातीची गट्टी होती, तरी बोलणं सारखं कुठंतरी अडायचं. ते एखाद्या जुन्या नटाचं नाव असं घ्यायचे, जणू काल जेवायला येऊन गेला. ती विचारायची, "हू इज दॅट, आबा?" ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून कोण बाद झालं ते रडवेली होऊन सांगायची, आणि हे विचारायचे, "अरेरे. कुणाची गं ती?" कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानातून, तिथल्या भाषेत डेअरीतून, आइसब्लॉक म्हणजे बर्फाची कांडी घेऊन घरी यायचा रस्ता तेवढा दोघांना छान जमायचा, कारण दोघांचीही तोंडं भरलेली असायची.

त्या वर्षी कल्याणीला शाळेच्या नाटकात काम मिळालं. शुक्रवारी आणि शनिवारी असे दोन प्रयोग. दलदलीतल्या पक्ष्यांची गोष्ट, शाळेच्या बाईंनीच लिहिलेली. कल्याणी झाली पुकेको पक्षी: निळा झगा, लाल कागदी चोच, आणि एकटीचं एक गाणं. पुरुषोत्तमरावांनी शुक्रवारसाठी कोटाला इस्त्री केली. नातीचा पहिला प्रयोग, आणि तोही चक्क खुर्चीत बसून बघायचा!

गाण्याचे शब्द त्यांना कळले नाहीत. पण सूर लागलाय का हे कळायला शब्द कशाला हवेत? शेवटचा स्वर पोरीनं असा काही लांबवला, अलगद उचलून असा काही खाली ठेवला, की आपण ऑकलंडात आहोत का मिरजेत, याचं म्हाताऱ्याला भान उरलं नाही. ते ताडकन उठले.

"वन्स मोऽऽअर!"

हॉल चिडीचूप. टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले. कल्याणी चोचीवरून टकामका बघायला लागली. पियानोवरच्या बाई स्वभावानं गोड, मागच्या रांगेत नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्या हसून म्हणाल्या, "नो वरीज, डार्लिंग. लेट्स हॅव अनदर गो."

अनदर गो! चुकलेल्या पोराला देतात ती दुसरी संधी. कल्याणीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा गाताना आवाज कापला, मधली ओळ हरवली, चोच घसरून हनुवटीवर आली. आणि आजोबा मात्र शेजारच्या बाईला अभिमानानं सांगत होते, "माय ग्रँडडॉटर!"

गाडीत बसल्याबरोबर बांध फुटला. "आबा, व्हॉट डिड आय डू राँग?"

"राँग? अगं, सोनं केलंस सोनं!"

"मग परत का गायला लावलं? इन फ्रंट ऑफ एव्हरीवन!"

"आवडलं म्हणून, बाळा. भल्याभल्यांना मिळत नाही गं वन्स मोअर."

"नोबडी डज दॅट, आबा! नोबडी! मी उद्या जाणार नाही. एव्हर."

अभिषेक पुढून म्हणाला, "बाबा, इथं लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. एवढंच असतं."

पुरुषोत्तमरावांच्या ज्या आरोळीनं आयुष्यभर गाणाऱ्यांना फुलवलं, त्याच आरोळीनं आज घरची गायिका मिटवली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः शिरा केला. कल्याणी खोलीतून बाहेर आली नाही. सुरुचीनं समजावून पाहिलं, बाईंचा फोन येऊन गेला; दार बंद ते बंदच. शेवटी पुरुषोत्तमराव दाराशी गेले. दाराबाहेर उभं राहायची त्यांना सवयच होती.

"कल्याणी, मी येत नाही आज. घरी बसतो. तू जा, गा."

शिऱ्याची बशी दाराशी ठेवून ते परतले.

दुपारी अभिषेकनं टीव्हीवर रग्बी लावली. पुरुषोत्तमराव शेजारी बसले. त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकट्यानं बसण्यापेक्षा ते बरं. एवढ्यात एक धिप्पाड गडी चौघांना अंगावरून झटकत धावला आणि चेंडू घेऊन रेषेपलीकडे पालथा पडला. गुण मिळाले तसा अभिषेक ओरडला, "ट्राऽऽय!"

खोलीचं दार उघडलं. "मिस झालं! डॅड, दाखव ना!"

"थांब, दाखवतील."

दाखवलं. मग दुसऱ्या बाजूनं दाखवलं. मग अगदी सावकाश दाखवलं.

पुरुषोत्तमराव थक्क. "काय पठ्ठ्या आहे! लागोपाठ तीनदा?"

कल्याणीला हसू फुटलं. "आबा, तो सेमच आहे! एकदाच केला त्यानं."

"एकदाच? मग परत परत का दाखवतात? काही चुकलं होतं का त्याचं?"

"चुकलं नाही, आबा! इट वॉज ऑसम! म्हणून परत..."

आणि ती थांबली. पडद्यावर तो गडी चौथ्यांदा धावत होता. आजोबा खरोखरच काही न समजून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात कालचं काही नव्हतंच. ती मात्र सोफ्याच्या हातावर टेकली.

"आबा, काल मी ऑसम होते?"

"चौघींना झटकून पुढे गेलीस," आजोबा म्हणाले.

ती उठली, आणि चोच कुठं आहे म्हणून आईला हाका मारायला लागली. जाता जाता वळून म्हणाली, "तू पण ये. पण शाउटिंग नाही हं."

"नाटकाची शप्पथ."

त्या संध्याकाळी पुरुषोत्तमराव दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. गाणं संपलं, शेवटचा स्वर अलगद खाली आला. हॉलभर टाळ्या उसळल्या तेव्हा त्यांनी हात मोकळे सोडले आणि असे वाजवले की तळवे लालबुंद झाले. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. रंगमंचावरचा पुकेको छाती काढून उभा होता.

परतताना गाडीत कल्याणी त्यांच्या खांद्यावर रेलली. "आबा, कुणी बॅड गायलं तर काय ओरडायचे तुझे लोक?"

पुरुषोत्तमराव सावरून बसले. असला प्रश्न त्यांना या देशात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "आधी खोकायचे. एक खोकला, मग दुसरा, मग सगळी बाल्कनी क्षयाची! तरी गडी थांबेना, तर मागून यायचं: पडदा पाऽऽडा!"

"पदा..."

"पडदा! ड असा दणकून म्हण. पडदा पाऽऽडा!"

"पडदा पाऽऽडा!"

सिग्नलला गाडी थांबली. अभिषेकनं आरशातून मागे बघितलं आणि गंभीर आवाजात सुरुवात केली, "कल्याणी, नाटक झालं, आता सोमवारपासून मॅथ्सचा जरा..."

मागच्या सीटवर आधी एक खोकला उठला. मग दुसरा.